लाडानं लोळण घेतलेलं कोनफ्लॉवर

ताई, नमस्कार.
आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. मागच्या अंगणातलं थोडं लॉन काढून मी मधमाश्या-फुलपाखरांसाठी वाफा केला. आमची माती चिकण, म्हणून वर चार इंच टॉपसॉइल आणि कंपोस्ट घातलं. नर्सरीतून 'यलो कोनफ्लॉवर'ची तीन रोपं आणली आणि मे महिन्यात त्याच नावाचं बियांचं पाकीटही पेरलं. बियांमधून एकही रोप वर आलं नाही. आणलेली रोपं पहिलं वर्ष ठीक होती, या वर्षी मात्र माझ्या डोक्याच्या वर गेली आणि जुलैच्या वादळात आडवी झाली. दोनदा खत घातलं, स्प्रिंकलर रोज चालू होता, कमी काही पडू दिलं नाही. फुलांवर मधमाश्या फारशा आल्याच नाहीत, हिरव्या चकचकीत माश्या तेवढ्या दिसतात. एका फुलावर वाळका कचरा चिकटलाय असं वाटलं, तर तो कचरा चालायला लागला! आसपासच्या पाकळ्या कुरतडलेल्या. काय फवारू? नवरा म्हणतो, हे उपटून डबल पाकळीचं पिवळं कोनफ्लॉवर लावू, बुटकं आणि नीटस असतं. त्यात एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं) पत्र आलंय, 'वाढलेलं गवत आणि तण' काढा म्हणून. आता ऑक्टोबर आहे, सगळंच कापून टाकावं असं मनात येतंय.
— एक वाचक, इलिनॉय

अहो, थांबा! कात्री ठेवा खाली. कापायचं कधी ते पुढे सांगते.

'कमी काही पडू दिलं नाही' हे वाक्य वाचलं तेव्हाच दुखणं कळलं. मऊ माती, कंपोस्ट, खत, वर रोज पाणी. एवढ्या कोडकौतुकात हे झाड उभं राहत नाही. पण आधी तुमच्याकडे नेमकं कोणतं झाड आलंय ते ठरवू, कारण 'यलो कोनफ्लॉवर' ही चिठ्ठी नर्सरीवाले किमान तीन वेगळ्या झाडांना लावतात आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

माणसाच्या डोक्यावर जाणारी उंची आणि जुलैमधला बहर यावरून तुमचं झाड रॅटिबिडा पिन्नाटा असावं. पाकळ्या बॅडमिंटनच्या शटलकॉकसारख्या खाली झुकलेल्या, मधला गोंडा आधी राखाडी-हिरवा आणि मग तपकिरी, पानं खरखरीत आणि खोल चिरलेली. आत्ता एखादा वाळलेला गोंडा बोटांनी चुरडून बघा. बडीशेपेच्या जवळपास जाणारा वास आला तर प्रश्नच मिटला.

दुसरं झाड एकिनेशिया पॅराडॉक्सा. ते मिसुरी-आर्कान्साच्या ओझार्क डोंगराळ पट्ट्यातलं. दोन-तीन फूट उंच, पानं लांब आणि अरुंद, गोंडा मोठा, चॉकलेटी आणि काटेरी, बहर जूनमध्येच. बाकीची सगळी एकिनेशिया भावंडं गुलाबी-जांभळी, हे एकटंच पिवळं, म्हणून त्याला 'पॅराडॉक्सा', म्हणजे विरोधाभासी, हे नाव मिळालं. त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे एकदा लावलं की हलवायचं नाही. तिसरं रुडबेकिया: पाकळ्या आडव्या पसरलेल्या आणि मध्ये काळपट टिकली. त्यातलं 'गोल्डस्टर्म' हे वाण १९९९ साली पेरेनियल प्लांट असोसिएशननं वर्षाचं झाड म्हणून निवडलं आणि तेव्हापासून एकही पार्किंग लॉट त्याच्यावाचून राहिलेला नाही. चांगलं झाड आहे, पण तुमचं ते नव्हे.

रॅटिबिडा तुमच्या राज्याचंच आहे. इलिनॉयला प्रेरी स्टेट म्हणतात खरं (प्रेरी म्हणजे गवताळ माळरान), पण मूळच्या प्रेरीतला एक टक्काही आज शिल्लक नाही. बाकी सगळी नांगराखाली आणि घरांखाली गेली. त्या प्रेरीत हे झाड एकटं कधीच नव्हतं. चारही बाजूंनी गवतं खेटून उभी, मुळांची जमिनीखाली रस्सीखेच, उन्हाळ्यात पावसाची ओढ, आणि माती बहुतेक ठिकाणी तुमच्यासारखीच जड. अशा गर्दीत दांडी बारीक पण चिवट होते आणि कलली तरी शेजारच्या गवताच्या अंगावर रेलते. तुमच्या वाफ्यात शेजारी कोणी नाही, अन्न-पाणी मात्र मुबलक. मग ते उंच होतं, आतून मऊ राहतं, आणि पहिल्या जोराच्या पावसात लोळण घेतं. ज्या चिकण मातीची तुम्हाला लाज वाटली, तीच त्याला चालली असती.

घातलेली चार इंच माती आता काढत बसू नका. पुढच्या वर्षी खत अजिबात नाही, कंपोस्टही नाही. स्प्रिंकलरचं तोंड लॉनकडे वळवा. नवीन लावलेल्या रोपाला पहिल्या हंगामात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी पुरतं. रुजलेल्या रोपाला पाऊस पुरे. अनेक आठवडे कोरडे गेले आणि दुपारी मलूल झालेली पानं सकाळीही तशीच दिसली, तरच पाणी.

जूनच्या सुरुवातीला दांड्या दोन फुटांच्या आसपास आल्या की एकेक तृतीयांश छाटा. फुलं थोडी उशिरा येतील, पण झाड बुटकं आणि घट्ट होईल. मी तर निम्म्याच दांड्या छाटायला सांगेन. न छाटलेल्या आधी फुलतात, छाटलेल्या मागून, आणि माश्यांची पंगत लांबते. काठीला बांधून ठेवणं शक्य असतं, पण तीन झाडांना नऊ काठ्या लावलेला वाफा बघवत नाही.

आणि गर्दी करा. हा उपाय सगळ्यात टिकाऊ. बहुतेक जण लिटल ब्लूस्टेम सुचवतील. सुंदर गवत आहे, पण सुपीक मातीत तेही लोळतं, म्हणून तुमच्या वाफ्यात आधी प्रेरी ड्रॉपसीड. वाढायला वेळ घेतं, पण एकदा बसलं की जागचं हलत नाही. रोपं एकेका फुटावर लावा. मधल्या जागेत वाइल्ड बर्गमॉट, ब्लेझिंग स्टार, जांभळं कोनफ्लॉवर. बर्गमॉट आणि रॅटिबिडा एकाच सुमारास फुलतात, फिकट जांभळा आणि पिवळा शेजारी शेजारी. हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघायचं असेल तर तुमच्या भागातच लाइलला मॉर्टन आर्बोरेटम आहे. तिथली शुलेनबर्ग प्रेरी १९६०च्या दशकात शेतजमिनीवर हातानं रोपं लावून उभी केलेली आहे. जुलैच्या शेवटी जा आणि रॅटिबिडाला कोण कोण टेकू देतंय ते खाली वाकून बघा.

बियांचं दुःख सोपं आहे. या बियांना उगवण्याआधी ओलसर थंडी लागते, साधारण महिनाभर. मे महिन्यात पेरलेल्या बीला हिवाळा मिळालाच नाही, तर ती कशी उठणार? नोव्हेंबर संपता संपता, थंडी पक्की बसली की, मोकळ्या मातीवर बी भुरभुरा, तळव्यानं दाबा, वर मातीचा नुसता पापुद्रा. पुढचं काम बर्फ करतो. घाई असेल तर ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, पण पिशवीवर नाव लिहा. तीन-चार डॉलरच्या पाकिटात तुमच्या वाफ्याला पुरून उरेल एवढं बी असतं. बी पेरलेल्या झाडाचं पहिल्या वर्षी फूल दिसत नाही. जमिनीलगत पानांचा झुपका होतो आणि सगळी शक्ती मुळांत जाते. फूल दुसऱ्या वर्षी, कधी तिसऱ्या. पहिल्या वर्षी ही रोपं हुबेहूब तणासारखी दिसतात, म्हणून पेरलेल्या जागेभोवती काड्या रोवा आणि खुरपं घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

आता तो चालता कचरा. पत्रातली ही ओळ वाचून मला फार आनंद झाला.

ती अळी आहे. वेव्ही-लाइन्ड एमरल्ड नावाचा एक छोटासा हिरवा पतंग असतो, त्याची. ती ज्या फुलावर बसते त्याच्याच पाकळीचे तुकडे कुरतडते आणि तोंडातल्या रेशमानं स्वतःच्या पाठीवर चिकटवते. पिवळ्या फुलावर पिवळा पोशाख, जांभळ्यावर जांभळा. तुकडे वाळले की काढून टाकते आणि ताजे लावते. तुम्हाला दिसला तो 'वाळका कचरा' म्हणजे तिचा कालचा पोशाख असणार. पुढच्या वेळी दिसली तर भिंगातून बघा: चालताना मागचा भाग पुढे ओढून पाठीची कमान करते, थांबली की थोडी डुलते, जणू वाऱ्यानं हलणारी पाकळी. तिच्यामुळे फुलाचं होऊन होऊन काय नुकसान होईल? चार पाकळ्या जातील. या पाकळ्यांना बी धरतच नाही, त्या लांबून दिसणाऱ्या पताका आहेत. खरी फुलं गोंड्यावर असतात, शेकडो, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि ती खालून वर एकेका कड्यानं उमलतात. म्हणून एक गोंडा बरेच दिवस माश्यांना पुरतो. तुम्हाला गोंड्याच्या कमरेला बारीक पिवळं कडं दिसलं असेल, तर त्या दिवशीचं दुकान तिथे उघडं होतं.

तेव्हा काय फवारायचं, तर काहीच नाही. बीटी हे 'सेंद्रिय' म्हणून विकलं जाणारं औषधही अळ्यांसाठीच असतं, आणि फुलपाखराची अळी कोणती, पतंगाची कोणती हे त्याला कळत नाही. फुलपाखरांसाठी वाफा करायचा आणि अळ्या मारायच्या, हे गणित कधीच जमणार नाही. रॅटिबिडाच्या पानांवर सिल्व्हरी चेकरस्पॉट नावाच्या फुलपाखराच्या अळ्याही वाढतात. एखादं पान जाळीदार झालं तर झालं. घाबरायचं एकाच गोष्टीला: गोंड्यातून हिरव्या पानांचे वेडेवाकडे तुरे फुटले किंवा फूल हिरवट आणि विद्रूप आलं, तर तो अॅस्टर यलोज हा रोग. तुडतुडे तो पसरवतात, त्यावर औषध नाही, ते झाड मुळासकट काढायचं.

नवीन रोपं घेताना नर्सरीत विचारा की त्यांना नियोनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक दिलंय का. हे विष झाडाच्या अंगात भिनतं आणि मधात, परागात उतरतं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरी नर्सरी.

हिरव्या चकचकीत माश्यांबद्दल बोलू. त्या मधमाश्याच आहेत! हिरवं धातूसारखं डोकं-छाती असलेल्या त्या बहुधा अॅगापोस्टेमॉन, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या. आपल्या डोळ्यांसमोर मधमाशी म्हटली की पोळ्यातली तपकिरी माशी येते, पण ती अमेरिकेची नाहीच. १६२२ साली युरोपीय वसाहतवाल्यांनी ती व्हर्जिनियात आणली. रॅटिबिडा त्याआधी हजारो वर्षं इथे फुलत होतं आणि त्याची गिऱ्हाइकं वेगळी होती. अँड्रेना रुडबेकी नावाची एक माशी तर पिल्लांसाठी जवळपास फक्त रॅटिबिडा आणि रुडबेकियाचेच परागकण गोळा करते. ती कुठल्याही बागेत हमखास येते असं नाही, पण हे झाडच नसेल तर यायचा प्रश्नच नाही. पोळ्यातल्या माश्या तुमच्याकडे कमी आल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि मुलं घरात असतील तर ही भीतीही नको: या एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला मधाचं कोठार नसतं, चिमटीत धरल्याशिवाय त्या सहसा डंख करत नाहीत.

अमेरिकेतल्या मूळच्या माश्यांपैकी बहुतेक जमिनीत घरं करतात. वाफ्याला इकडून तिकडे लाकडाच्या भुशाचं जाड पांघरूण घातलंत तर त्यांना दार उरत नाही. उन्हाच्या बाजूला हातभर माती उघडी राहू द्या.

नवऱ्याच्या डबल पाकळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरासमोरच्या कुंडीत लावा, या वाफ्यात नको. डबल फुलात गोंड्यावरच्या बारीक फुलांच्या जागी पाकळ्याच पाकळ्या आणलेल्या असतात. पराग कमी, मध कमी, आणि असला तरी तिथवर पोचायची वाट बंद. बाजारातले पिवळे-नारिंगी एकिनेशिया संकर पुष्कळदा पॅराडॉक्साचं रक्त घेऊन आलेले असतात. त्यातले एकेरी पाकळीचे माश्यांना चालतात, पण त्यातले बरेच दोन-तीन हिवाळ्यांत गुडुप होतात. बुटकंच हवं असेल तर थेट पॅराडॉक्सा घ्या, मात्र त्याला उंचवटा आणि पाण्याचा निचरा हवा. पाणी साचणाऱ्या चिकण मातीत त्याचं मूळ कुजतं. म्हणजे तुमच्याकडे कुठे काय लावायचं हे मातीनंच ठरवलंय.

एकट्या पिवळ्या कोनफ्लॉवरनं बाग माश्यांची होत नाही, हेही सांगून टाकते. ते फुलतं जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात जमिनीतून उपाशी बाहेर आलेल्या भुंग्याच्या राणीला त्याचा काय उपयोग? वसंतासाठी गोल्डन अलेक्झांडर्स, शरदासाठी न्यू इंग्लंड अॅस्टर आणि एखादं न पसरणारं गोल्डनरॉड. गोल्डनरॉडनं शिंका येतात हा त्याच्यावरचा जुना आळ. शिंका येतात त्या त्याच सुमाराला फुलणाऱ्या रॅगवीडनं. तुमच्या पट्ट्यात रस्टी पॅच्ड बंबल बी हा भुंगा अजून तग धरून आहे, २०१७ साली तो संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय यादीत गेला. त्याला एप्रिल ते ऑक्टोबर सलग काही ना काही फुललेलं लागतं.

आता कात्री. ऑक्टोबरमध्ये कापायचं नाही. गोंड्यांत बी आहे, गोल्डफिंच पक्षी हिवाळाभर त्यावर येतील. एप्रिलमध्ये, दिवस उबदार झाले की, दांड्या सपाट न कापता आठ इंचांपासून दोन फुटांपर्यंत कमीजास्त उंचीवर कापा. हे खुंट पोकळ किंवा भेंडाचे असतात, काही माश्या उन्हाळ्यात त्यात शिरून अंडी घालतात. जूनपर्यंत नवा पाला खुंट झाकून टाकतो. कापलेल्या दांड्या एका कोपऱ्यात रचून ठेवा, मागच्या वर्षीचं कोणी आत असेल तर बाहेर पडेल. जी दांडी मोडून पायवाटेवर पडली असेल ती आत्ताही उचला, तेवढं सोवळं नको.

राहिला एचओए. इलिनॉयमध्ये २०२४ साली होमओनर्स नेटिव्ह लँडस्केपिंग अॅक्ट झाला. राज्यातली मूळची झाडं स्वतःच्या जागेत लावायला असोसिएशन सरसकट बंदी घालू शकत नाही. मात्र ती मुद्दाम लावलेली, राखलेली आणि तण काढलेली असली पाहिजेत आणि शेजाऱ्याच्या हद्दीत झुकता कामा नयेत. म्हणजे तुमची जुलैमधली आडवी रोपं कायद्याच्या नजरेतूनही नडणारीच. रॅटिबिडा इलिनॉयचं मूळचं झाड असल्यानं त्याला हा आधार मिळतो. पॅराडॉक्सा ओझार्कचं असल्यानं त्याच्यासाठी हा कायदा पुढे करू नका. तुमच्या असोसिएशनची नियमावली आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा.

उत्तर भांडखोर नको. वाफ्यातल्या झाडांची नावं शास्त्रीय नावांसकट लिहा, निंदणी कधी करता ते लिहा. वाफ्याभोवती दोन फुटांचा पट्टा लॉनमोअरनं नेमानं कापलेला ठेवा आणि उंच झाडं मागे, बुटकी पुढे करा. कडेची रेघ सरळ असली की आतला गोंधळ लोकांना मुद्दाम केलेला वाटतो. मुळाजवळ नावाच्या पाट्या लावल्यात तर आणखी बरं, मग 'गवत आणि तण' म्हणणाऱ्याला आधी पाटी वाचावी लागते. पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत उत्तर पाठवा, आणि सोबत वाफ्याचा फोटो जोडा. जुलैच्या सुरुवातीचा, वादळाच्या आधीचा.